मोहाखालचा पाचोळा

मला स्वस्थ बसता येत नाही. ही खोड जुनी आहे आणि साठाव्या वर्षी ती जाईल असं मला वाटत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मी आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. पहाटे साडेचारला घंटा, पाचला अंगणाची झाडलोट, साडेपाचला मोऱ्यांची तपासणी. आईवडिलांनी माझं नाव रंभा ठेवलं, पण पोरींनी मागून 'खराटाबाई' ठेवलं होतं. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर मी धानोऱ्यात दोन खोल्यांचं घर घेतलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पहिल्या महिन्यात सगळं घर चारदा धुऊन काढलं. दुसऱ्या महिन्यात शेजारणीचं अंगण झाडायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, आमाले बी काई काम राहू द्या." त्याच सुमाराला दीपिका भेटली. सव्वीस वर्षांची, गडचिरोली शहरातली मुलगी. मानसिक आजारामुळे घरात एकट्या पडलेल्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसतील अशी माणसं तिची संस्था शोधत होती. त्यांना ते 'सोबती' म्हणत. पगार नाही, पेट्रोलसुद्धा आपलंच. मी लगेच हो म्हटलं.

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण तिथी जाऊन करायचं काय?"

"काहीच नाही, बाई. बसायचं. त्यांना बोलावंसं वाटलं तर ऐकायचं."

"आन् घर घाण असलं तर?"

"असू द्यायचं."

"पूर्ण एक घंटा?"

"पूर्ण एक घंटा," दीपिका म्हणाली आणि हसली. तिला वाटलं, मी गंमत करते आहे.

माझ्या वाट्याला इतवारी आली. धानोऱ्यापासून सात किलोमीटरवर जंगलात पंचवीस-तीस घरांचा गोंडांचा टोला आहे, त्याच्या टोकाला तिचं घर. वय चाळिशीच्या आसपास. एकोणिसाव्या वर्षी तिला आवाज ऐकू यायला लागले. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं ते कायमचं. आई होती तोवर आई बघत होती. तीन वर्षांपूर्वी तीही गेली. भाऊ लच्छू टोल्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्याची बायको रोज सकाळी दारात भाताचं गंज-पातेलं ठेवून जाते. इतवारीला कुणी त्रास देत नव्हतं. फक्त तिच्या दारातून आत कुणी जात नव्हतं आणि तीही बाहेर येत नव्हती. महिन्यातून एकदा सुई घ्यायला लच्छू तिला मोटारसायकलवर धानोऱ्याला आणायचा, तेवढंच. सुईनं आवाज कमी झाले होते, पण गेले नव्हते.

दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी मी स्कूटी घेऊन गेले. ती उंबऱ्याच्या आत बसली, मी बाहेर. मी माझी सगळी माहिती सांगितली, वसतिगृहाची सांगितली, पोरींच्या डोक्यातल्या उवांचीही सांगितली. ती भिंतीकडे बघत बांबूच्या काड्या सोलत राहिली. तास झाल्यावर मी उठले. दुसऱ्या मंगळवारी तेच. तिसऱ्या मंगळवारी मी बोलता बोलता मोऱ्यांच्या तपासणीवर आले होते, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"बाई, तू लय बोलते. ते बी बोलते, तू बी बोलते. मी कोणाकोणाचं आयकू?"

मी गप्प झाले. आयुष्यात मला इतक्या नीट कुणी गप्प केलं नव्हतं. त्या दिवसापासून मी नुसतं बसायला शिकायला लागले. ते सोपं नव्हतं. तिच्या अंगणात सागाची पानं पडलेली असायची आणि माझी बोटं वळवळायची. दीपिकानं दिलेल्या फॉर्मवर 'आज काय केले' असा रकाना होता. तिथं दर आठवड्याला 'बसले' एवढंच लिहिताना मला लाज वाटायची.

पौषात तिनं मला एक खराटा दिला. तास संपल्यावर मी उठले तर तिनं तो माझ्यासमोर ठेवला. बांबूच्या बारीक काड्या, पळसाच्या मुळीच्या दोरीनं घट्ट बांधलेल्या. "तुह्यासाठी," ती म्हणाली. माझं जुनं नाव तिला कुणी सांगितलं असणं शक्य नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं मला पैठणी दिली होती, ती अजून पिशवीतच आहे. खराटा मात्र मी घरी आल्या आल्या दाराजवळ, येताजाता दिसेल असा उभा केला.

माघात एका मंगळवारी ती आपणहून बाहेर आली. "चाल," म्हणाली. घरामागच्या पाऊलवाटेनं दहा मिनिटं गेल्यावर मोहाचं एक झाड लागलं. दोघींच्या कवेत मावणार नाही एवढा बुंधा.

"हे माह्यं," ती म्हणाली. "माह्या मायचं होतं. तिच्या मायचं होतं."

ती बुंध्याला पाठ लावून बसली आणि तिनं डोळे मिटले. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "इथी ते बोलत नाई."

"कोण?"

"तेच. इथी आली का चूप होते."

मग तिनं थोडं थोडं सांगितलं. होळीच्या मागेपुढे मोहाची फुलं गळायला लागली की ती रोज सकाळी टोपलं घेऊन इथं येते. आजूबाजूच्या झाडांखाली टोल्यातल्या बाया वेचत असतात. तिच्याशी कुणी फार बोलत नाही, पण जाता-येता 'पडला का?' 'पडला' एवढं होतं. वर्षातले ते वीस-पंचवीस दिवस ती माणसांत असते आणि बाकीचं वर्ष त्या दिवसांची वाट बघते. हे काही तिनं एका दमात सांगितलं नाही. मला ते जोडायला तीन मंगळवार लागले.

फाल्गुन लागला आणि इतवारी तापानं पडली. त्यात सुईची तारीख निघून गेली. ताप उतरला, पण आवाज वाढले. गोधडी पांघरून, दोन्ही कानांवर हात ठेवून ती कोपऱ्यात बसून असायची. ती लच्छूच्या गाडीवर बसायला तयार होईना, म्हणून दीपिका नर्सला घेऊन घरी आली आणि सुई झाली. "आठ-दहा दिवस लागतील, बाई. धीर धरा," ती मला म्हणाली.

धीर हा माझा विषय नाही. तिच्या दारात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकच होतं. मोह आता गळायला लागणार. टोल्यातल्या सगळ्यांनी आपापल्या झाडाखालची जागा साफ करून ठेवली होती, नाहीतर फूल पाचोळ्यात हरवतं. येताना झाडाकडे चक्कर मारून मी ते पाहिलं होतं. फक्त इतवारीच्या झाडाखाली घोट्याच्या वर पाचोळा होता. ती उठेल तेव्हा फुलं पडायला लागलेली असतील आणि तिच्या अंगात झाडायची ताकद नसेल. तिचे वर्षातले वीस दिवस वाया जाणार, आणि मी तिची सोबती म्हणवणारी नुसती बसून राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खराटा घेऊन गेले. तिनंच दिलेला. दोन-अडीच तास झाडत होते. पाचोळा पेटवला तर वनरक्षक ओरडतो, म्हणून पोत्यात भरून नाल्याकाठच्या खड्ड्यात नेऊन टाकला. अकरा खेपा झाल्या. शेवटी बुंध्याभोवतीची जमीन अशी झाली की खुशाल पंगत बसवावी. मला फार बरं वाटलं. चार-पाच महिन्यांत पहिल्यांदाच काही काम केल्यासारखं वाटलं.

निघताना चैतूबाबा भेटला. टोल्यातला म्हातारा, शेजारचं झाड त्याचं. तो थांबला. त्यानं जमिनीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या खराट्याकडे.

"बाई, हे तुमी झाडलं?"

"मीच झाडलं. एकटीनं," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. कौतुक करायची यांना सवय नाही, असं मला वाटलं. त्या आठवड्यात फॉर्मवर मी चार ओळी लिहिल्या.

पुढच्या मंगळवारी मला भाचीच्या लग्नाला कोरपन्याला जावं लागलं. सोमवारी परत आले तोच दीपिकाचा फोन आला.

"बाई, इतवारीताईंचं पुन्हा बिघडलं. मधे चांगल्या उठल्या होत्या, दोन दिवसांपासून दार लावून बसल्या आहेत. बाईनं माझं झाड घेतलं, असं म्हणतात. लच्छूदादाला सारखं तेच सांगतात."

"झाड कोणी घेते का?"

"तेच ना. संशय वाढला आहे. सुई उशिरा झाली म्हणून असेल. शुक्रवारी डॉक्टर येतील, बहुतेक डोस वाढवतील. मागे वाढवला होता तेव्हा त्या दिवसभर झोपून राहायच्या, हात थरथरायचे. पण काय करणार."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. जिच्यासाठी मी अकरा खेपा केल्या, तिनं माझ्यावरच आळ घ्यावा! "डॉक्टरले सांगून टाक," मी दीपिकाला म्हटलं. "वाढवायचा तर वाढवू दे." हे मी म्हटलेलं आहे. त्याची मला अजून शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. तिचं दार बंद होतं.

"इतवारी, मी रंभाबाई."

"जा," आतून आवाज आला.

"काय झालं सांग तरी."

"तुले घर हाये. गाडी हाये. माह्यं झाड कायले घेतलं?"

हा आवाज मला ओळखीचा वाटला. वसतिगृहात दुसऱ्याच पोरीच्या चुकीची शिक्षा जिला मिळाली असेल, ती असं बोलायची. तरीही मी काही समजले नाही. नियमाप्रमाणे तासभर बंद दारासमोर बसले आणि मग, ती झाडाकडे जाते की नाही ते बघावं म्हणून पाऊलवाटेनं मागे गेले.

झाडाखाली फुलांचा थर पडला होता. वरची ताजी, पिवळट. खालची तपकिरी होऊन आंबलेली. वास सुटला होता आणि दोन गाई निवांत खात होत्या. आजूबाजूच्या सगळ्या झाडांखाली एक फूल शिल्लक नव्हतं. चैतूबाबा आपल्या झाडाखाली शेवटचं वेचत होता.

"चैतूबाबा, हे कोणी वेचत काऊन नाई?"

"तुमचं हाये ना, बाई."

"माह्यं कसं?"

त्यानं टोपलं खाली ठेवलं. "तुमी झाडलं. ज्यानं झाडाखाली झाडलं, त्या साली मोह त्याचा. आमच्यात असंच हाये. मंग दुसरा कोणी हात लावत नाई."

"पण झाड तं इतवारीचं."

"तिचंच. पण ती पडून होती आन् तुमी झाडलं. आमाले वाटलं, तिनं तुमाले देल्लं असन. नाई तं तुमी घेतलं असन. म्हणून तं मी इचारलं होतं. तुमी म्हनलं, मीच झाडलं, एकटीनं."

"आन् इतवारी?"

"आली होती ना शनिवारी. टोपलं घेऊन आली. झाडलेलं पाह्यलं, जराशी उभी राह्यली आन् वापस गेली. आमी काय म्हणाव? तुमी मोठ्या बाई."

मी तिथंच खाली बसले. अठ्ठावीस वर्षं, दर मार्चमध्ये, पोरी माझ्यासमोर सुट्टीचा अर्ज घेऊन उभ्या राहायच्या: मोह वेचायला घरी जायचं आहे. मी दरवर्षी तो अर्ज परत करायची आणि अभ्यासावर भाषण द्यायची. मोह कसा वेचतात, आधी काय करतात, झाड कुणाचं ते कसं ठरतं, हे मी एकीलाही कधी विचारलं नाही. आणि इतवारीच्या आजारानं तिला काहीच सुचवलं नव्हतं. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं तेच ती सांगत होती. टोल्यातल्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं. पण सांगणारी ती होती, म्हणून आम्ही त्याला संशय म्हटलं आणि सुई मोठी करायला निघालो.

"मी साऱ्यायले सांगते," मी म्हणाले. "झाड तिचं. मी सोडलं."

चैतूबाबानं मान हलवली. "तोंडानं झाडलं होतं का?"

मोबाइलला रेंज फक्त डांबरी रस्त्यावर येते. तिथं जाऊन मी दीपिकाला फोन लावला.

"तो संशय नाई, दीपिका. झाड मी घेतलं."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. ती फॉर्म चाळत असल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुमच्या फॉर्मवर आहे, बाई. 'झाडाखालची संपूर्ण साफसफाई केली.' मी वाचलं होतं. मला छान वाटलं होतं."

"शुक्रवारी डॉक्टरले तोच कागद दाखव. माह्याच अक्षरातला हाये. आन् सांग, ती खरं बोलून राह्यली."

बुधवारी सकाळी मी रिकामी पोती घेऊन नाल्याकाठच्या खड्ड्याशी गेले. पाचोळा तिथंच होता. पोतं भरायचं, झाडाखाली न्यायचं आणि झाडलेल्या जमिनीवर पसरायचं. पहिलं पोतं उलटं करताना माझा हात खरोखर अडला. स्वच्छ केलेली जागा मी जन्मात कधी घाण केली नव्हती. तिसऱ्या-चौथ्या खेपेपर्यंत टोल्यातल्या बाया टोपली घेऊन परतायला लागल्या. त्या वाटेवर थांबून बघत होत्या. लच्छूची बायकोही होती. कुणी हसलं नाही आणि कुणी मदतीलाही आलं नाही; आलं असतं तर मी नको म्हटलं असतं. ऊन चढलं, गुडघे बोलायला लागले. अकरा खेपा झाल्या तेव्हा झाडाखाली पुन्हा घोट्याच्या वर पाचोळा होता.

मग मी इतवारीच्या दाराशी गेले. "इतवारी, तुह्या झाडाखाली पाचोळा हाये. कोणी झाडलं नाई." मी घरी आले.

गुरुवारी मी सकाळीच जाऊन पाऊलवाटेच्या अलीकडे, झाडापासून लांब, एका ऐनाच्या झाडाखाली बसले. इतवारी आली नाही. शुक्रवारी मी धानोऱ्यात दीपिकाबरोबर होते. डॉक्टरांनी माझा कागद दोनदा वाचला, मला चार प्रश्न विचारले आणि आहे तीच सुई पुढे चालू ठेवायला सांगितली. "त्यांना सवडीनं घेऊन या, मी त्यांच्याशीच बोलतो," म्हणाले. दीपिका तो निरोप घेऊन संध्याकाळच्या आत टोल्यावर जाऊन आली. दार उघडलं नाही, पण तिनं दाराबाहेरूनच सगळं सांगितलं.

शनिवारी मी पुन्हा ऐनाखाली बसले. बाया वेचायला लागल्या होत्या. ऊन झाडांच्या शेंड्यावर आलं आणि पाऊलवाटेवर इतवारी दिसली. डोक्यावर टोपलं, हातात खराटा. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. झाडाखाली जाऊन टोपलं ठेवलं, पायानं पाचोळा हलवून बघितला आणि बुंध्यापासून झाडायला सुरुवात केली.

तिचे हात अशक्त होते. दहा फटकारे मारायची, थांबायची, धाप लागायची. फुलं अजून दहा-बारा दिवस पडणार होती. या वेगानं तिला ती जागा झाडायलाच दोन दिवस लागले असते. मी नकळत उठून उभी राहिले.

"बस," ती म्हणाली. तिची पाठ माझ्याकडे होती.

मी बसले.

चैतूबाबा भरलेलं टोपलं घेऊन वाटेनं आला. तिच्या झाडाशी जरा थांबला. "पडला का?"

"पडला," इतवारी म्हणाली.

तो गेला. ती आणखी थोडं झाडत राहिली आणि मग खराट्यावर टेकून उभी राहिली. "काल ते पोरगी म्हणत होती, सुई मोठी नाई करत."

"हो."

"काऊन?"

"मी डॉक्टरले सांगतलं."

"काय सांगतलं?"

"का इतवारी खरं बोलून राह्यली. झाड मीच घेतलं होतं."

ती वळली. पहिल्यांदाच तिनं माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं. मला वाटलं, ती आता काही कडू बोलेल, आणि ते ऐकायची माझी तयारी होती.

"वीस वर्सं झाले," ती म्हणाली. "मी खरं बोलली, असं डॉक्टरायले आजवरी कोणीच सांगतलं नोतं."

मला रडू आलं. पदर लावायचंही सुचलं नाही. ती तशीच बघत राहिली, मग तिनं खराटा उचलला आणि परत झाडायला लागली. अर्ध्याहून जास्त जागा अजून बाकी होती. मी बसून राहिले.